आईची शीळ

वडील गेल्यावर आईनं कडेगावच्या स्टँडवर टांगा हाकून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. घोड्या दारातल्या दगडी डोणीवर पाणी प्यायला आणल्या की ती हलकी शीळ घालायची. शीळ थांबेपर्यंत घोड्या पाण्यातून तोंड वर काढायच्या नाहीत. बाईमाणूस शीळ घालतं म्हणून लोक नावं ठेवायचे. तिनं कुणाला जुमानलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती स्वतः तहानेली राहिली, पण डोण कधी कोरडी ठेवली नाही.

मरताना तिनं माझ्या भावाचा, सयाजीचा, हात धरून सांगितलं, "घोड्या इकू नगंस." तो व्हय म्हणाला. मी तिथंच उभी होते.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं दोन्ही घोड्या विकल्या.

"जनावरंच ती," मला म्हणाला. "आई गेली, आता त्यास्नी कोण बघतंय?"

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. डोण मात्र रोज काठोकाठ भरत राहिले. हा राग कुठंतरी ओतायला हवा होता.

आज भर दुपारी सयाजी जेवायला बसला आणि रिकाम्या तबेल्यातून हलकी शीळ आली. तो उष्ट्या हातानं ताटावरून उठला, डोणीपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पाण्यात तोंड घातलं.

त्याची बायको रंगू दोन्ही हातांनी त्याला ओढतेय. "वन्सं, आवं या की, मानच उचलंना ह्यांची."

शीळ चालूच आहे. ती थांबावी, असं मला अजून वाटत नाही.