कोरडी टाच

कामिनी उद्याच्या शोकसभेसाठी लिहिलेली कविता आईला वाचून दाखवत होती. तिचा भाऊ धनंजय दिघोरीच्या तलावातून दोन मुलींना बाहेर काढून स्वतः बुडाला होता. कवितेत तो ग्रीक वीर झाला होता. “आपल्याकडचे वीर सरले का वं?” आई म्हणाली. “ऐक तं. बाळाले काही लागू नये म्हणून मायनं त्याले जादूच्या नदीत बुडवलं. टाच तेवढी कोरडी राहिली. मोठेपणी तिथंच बाण लागून तो मेला.” “टाच काहून राहिली?” “मायनं तिथं धरलं होतं. म्हणून शेवटची ओळ आहे, चूक मायची.” आईच्या मांडीवर धनंजयने पुण्याच्या नोकरीसाठी घेतलेले कोरे बूट होते. “सोमवारीच जाणार होता. मीच म्हटलं, धान कापून जाय.” कामिनीने ओळ खोडायला पेन उचलला. “राहू दे. खाली लिही, सोडलं असतं तं लेकरू वाहून गेलं असतं.”