कारणाचा रकाना

"रखमाजीभाऊ झिंदाबाद! भाऊ, कोठार उघडा!"

फाटकाबाहेर हजारभर उपाशी माणसं ओरडत होती. आत कोठाराच्या कचेरीत नव्या प्रजासत्ताकाचे पहिले गृहमंत्री रखमाजी आपली अधू मांडी चोळत बसले होते. चार वर्षांपूर्वी याच फाटकाशी, असंच धान्य मागताना, राजाच्या पोलिसांची गोळी त्या मांडीत घुसली होती.

म्हणून तर मंत्री होताच त्यांनी पहिला कायदा केला होता. गृहमंत्र्याने स्वतःच्या हाताने कारण लिहून सही केल्याशिवाय गोळी सुटणार नाही. असं लिहायला कुठल्या माणसाचा हात धजेल?

आता तो कागद त्यांच्याच पुढ्यात होता. कोठारातला साठा जमीनदारांचा. तो वाटला, की त्यांचे नऊ आमदार पाठिंबा काढणार, सरकार कोसळणार आणि राजा परत येणार.

"मी बाहेर जाऊन बोलतो," रखमाजी म्हणाले.

"बोला की. पण त्यांच्या पोटाला काय सांगाल?" पोलीसप्रमुखाने विचारलं. राजाच्या वेळीही हाच होता.

रखमाजी उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. पेन उचललं, पण कारणाच्या रकान्यापाशी हात अडला.

पोलीसप्रमुखाने बगलेतली जुनी फाईल उघडून पुढे सरकवली. रखमाजींना गोळी लागली त्या दिवसाची. "समाजकंटकांनी चिथावलेला जमाव हाताबाहेर गेला," असं तीत लिहिलं होतं.

रखमाजींनी ते शब्द जसेच्या तसे उतरवले. बाहेर अजून त्यांच्याच नावाचा जयजयकार चालला होता.

"तारीख तेवढी आजची घाला, साहेब."