कानातला गोडवा

दोन अ‍ॅनिमेशन स्टुडिओ एक झाले, तेव्हा भांडणं नकोत म्हणून सगळ्यांच्या कानांत यंत्रं बसवली गेली. समोरचा कितीही खेकसला, तरी ऐकणाऱ्याला ते गोड शब्दांतच ऐकू येई.

वैजूनं तिच्याच जुन्या स्टुडिओतल्या रोहिदासला पडद्यावर आपला नवा हत्ती दाखवला. चालताना हत्तीचे मागचे पाय घसरत होते. ते तिलाही दिसत होतं.

“छान जमलाय,” रोहिदास म्हणाला.

पूर्वी त्यानं “हा हत्ती आहे की गादी?” असं सगळ्यांसमोर विचारलं असतं. वैजूनं कानातलं यंत्र उपसून टेबलावर ठेवलं.

“आता खरं बोल.”

“छानच जमलाय गं.”

“रोहिदास!”

“अगं, ही यंत्रं कंपनीनं दिवाळीतच बंद केलीत,” तो शांतपणे म्हणाला. “आता गरज पडत नाही म्हणे.”