वाळलेला कोबी

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि चष्मेवाला काउंटरखाली टोमॅटो तोडत होता. काच घासण्याचं यंत्र त्यानं नुसतंच चालू ठेवलं होतं, काम चाललंय असं वाटावं म्हणून. टोमॅटो आत्ताच तोडायला हवे होते. जरा उशीर झाला असता तर ते फोनच्या पडद्यावर काळे पडून माना टाकणार होते.

शेतीच्या त्या खेळानं त्याला पुरतं झपाटलं होतं. मका कधी पिकणार ते बघून तो जेवायला बसायचा. न्हाव्याच्या खुर्चीत, बसच्या रांगेत, पाहुण्यांच्या गराड्यातही त्याचा अंगठा फिरत असायचा. गॅलरीतलं खरं रोप पाण्यावाचून वाळलं, तेव्हा बायकोनं ती कुंडी उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो ओशाळून हसला. रोपाला पाणी घातलं. मग फोनमधल्या गाजरांनाही घातलं.

सोडायचं त्यानं कितीदा तरी ठरवलं. पण त्या शेतात एक सुख होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिथं वेळेवर पोचलं की काहीच मरत नव्हतं.

वडील गेल्यापासून त्याला हे वेड लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर थोडी आशा आहे, नाही केलं तर काहीच नाही. दादाचं म्हणणं, या वयात त्यांचे हाल नकोत, शांतपणे जाऊ द्यावं. यानं ऐकलं नाही. डॉक्टरांच्या मागे लागला, वडिलांची समजूत घातली, ऑपरेशन करवलं. वडील त्यातून उठले नाहीत. दवाखान्याच्या जिन्यात दादा एवढंच म्हणाला, "तुझ्या हट्टापायी गेले." त्यानंतर दोघं भाऊ एकाच शहरात राहून एकमेकांच्या दारात गेले नाहीत. वहिनी अधूनमधून फोन करायची, पण बोलायची ती बायकोशी. भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग गोठ्याचा प्रश्न आला. खेळात गोठा बांधायला शेजारी लागत. त्यानं घाईत एक बटण दाबलं आणि फोनमधल्या झाडून सगळ्यांना आमंत्रण गेलं. पाण्याची टाकी धुणाऱ्याला, जुन्या घरमालकाला, दादालाही. ते मागे घ्यायची सोय नव्हती. पण संध्याकाळी बघतो तर दादा शेजारी होऊन बसला होता. पलीकडच्या तुकड्यावर त्याच्या नावाची पाटी, आणि तिच्यामागे कोबीचा एक वेडावाकडा वाफा.

दादा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. फोन कामापुरता उचलायचा आणि ठेवून द्यायचा, अशातला माणूस. तो कशाला या भानगडीत पडलाय, कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यानं शेत उघडलं, तर त्याचे सगळे वाफे ओले होते. दादा पाणी घालून गेला होता. त्यानंही दादाच्या कोबीला पाणी घातलं. मग ते रोजचंच झालं. दादा कधी कोंबडी पाठवायचा, हा बदल्यात गवताचा भारा. शब्द मात्र एकही नाही. सकाळी उठून आधी ते ओले वाफे बघायचे आणि मनातल्या मनात दादाचे आभार मानायचे, ही त्याला सवयच लागली. आता खेळ सुटण्याची आशाच उरली नाही.

आणि मग दादाचं शेत वाळायला लागलं.

आधी पानं पिवळी पडली. यानं पाणी घातलं, पण खेळात शेजाऱ्याला दिवसातून एकदाच घालता येतं, मालकानं घातल्याशिवाय पीक जगत नाही. मग कोबी तपकिरी झाला. शेवटी सगळा वाफा आडवा पडला. इकडे सकाळी याचे वाफेही कोरडेच असायचे. फोन करावा म्हणून त्यानं दादाचा नंबर काढला आणि थबकला. इतक्या काळानं काय विचारायचं, तुझा कोबी का वाळला? आणि दादालाच काही झालं असेल तर, या विचारानं त्यानं फोन खाली ठेवला.

त्या दुपारी एका बाईंच्या चष्म्यात त्यानं डावी काच उजवीकडे बसवली. दुकानाच्या मालकांनी फ्रेम त्याच्या हातून काढून घेतली आणि त्याला घरी जायला सांगितलं. तो घरी गेला नाही. बस पकडून थेट दादाकडे गेला.

दार दादानंच उघडलं. चांगला धडधाकट, अंगात घरातला जुना सदरा. दादा आपल्या पायांवर उभा आहे, एवढंच याला दिसलं, आणि त्यानं मनोमन कुणाला तरी हात जोडले.

"तुझा कोबी वाळलाय," तो म्हणाला. बोलल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दादा हसला नाही. बाजूला सरून त्यानं वाट दिली. वहिनीनं आतून डोकावून पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि चहाचं आधण वाढवायला वळली. दादाचा फोन टेबलावरच होता. बिघडला होता का, असं यानं विचारलं. दादानं नकारार्थी मान हलवली. फोनला काही झालं नव्हतं. त्यानं मुद्दामच पाणी घातलं नव्हतं. शेत रोज उघडायचा, वाळत चाललेलं बघायचा आणि बंद करायचा.

दादा खुर्चीत बसला. तळवे गुडघ्यांवर घासत राहिला. मग खाली बघतच बोलला.

"तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत कितीदा आलो आणि परत फिरलो. कुठल्या तोंडानं येणार होतो? म्हटलं, शेत वाळू द्यावं, म्हणजे हा येईल. तुला डोळ्यांदेखत काही मरताना बघवत नाही रे. बाबांच्या वेळीही तेवढंच होतं, आणि मी त्याला हट्ट म्हणालो."