उपयोगवाल्या बाई

मानव्यविद्या संशोधन केंद्रात त्या दुपारीही व्याख्यान संपताच शेवटच्या रांगेतून आईचा हात वर झाला. "पण सर, आमच्यासारख्यांना याचा उपयोग काय?" सभागृहात खसखस पिकली. "मागच्या बाईंचा प्रश्न पुढच्या वेळी घेऊ," असं म्हणून केंद्राच्या संचालक असलेल्या लेकीने वेळ मारून नेली.

घरी मात्र ती करवादली, "काही कळत नाही, तर येतेस कशाला?"

"अगं, सगळे पेंगतात. कुणीतरी जागं नको?"

त्याच आठवड्यात आई गेली.

लेक रजा संपवून परतली, त्या दिवशीच्या व्याख्यानानंतर एकही हात वर झाला नाही. ज्येष्ठ प्राध्यापक मागे वळून हसले, "आपल्या उपयोगवाल्या बाई नाहीत वाटतं आज?"

लेकीने माइक जवळ ओढला.

"ती माझी आई होती."