कोपऱ्यातले आकडे

या, जवळ सरका. दाराशी कशाला उभे, आत भरपूर जागा आहे. एका कोपऱ्याची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण संपेपर्यंत कुणी उठू नका.

एक बाई होत्या. मुलाखतींचं चित्रण कापून, जोडून त्याची फिल्म करायच्या. वीस वर्षांचा बसलेला हात. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांची एक पद्धत होती. मुलाखत आली की आधी तिच्या एका प्रतीवर, पडद्याच्या कोपऱ्यात, वेळेचे आकडे चढवायचे. तास, मिनिटं, सेकंद. काळ्या पट्टीवर पांढरे, सारखे पळणारे. ती प्रत पाठवायची. बघणाऱ्यांनी नुसते आकडे लिहून कळवायचं, कुठून कुठवर ठेवायचं ते. बाकीच्याला कात्री.

या खेपेला मुलाखत एका मोठ्या डॉक्टरांची होती. दवाखान्यातल्या त्यांच्याच खोलीत घेतलेली. पाठीमागे काचेचं दार, पलीकडे लांबलचक व्हरांडा. मुलाखतीनंतर पंधरा दिवसांत डॉक्टर गेले. दवाखान्याकडून आकड्यांची यादी आली, फिल्म झाली, लोक रडलेसुद्धा. आता मूळ चित्रण आज संध्याकाळी पुसायचं होतं. डिस्क दुसऱ्या कामाला हवी होती.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बसा म्हणेपर्यंत उभेच.

"तुमची लिफ्ट फार घरघरते हो. तेल मागतेय."

ताई हसल्या. "ती आमच्याआधीपासून मागतेय. कुठून आलात, काका?"

"दवाखान्यातून. ती मुलाखत आज पुसणार ना? त्यातलं एवढं राहू द्या. पुसलं की संपलंच सगळं." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. चार ओळी, पेन्सिलीनं लिहिलेले सुबक आकडे.

डॉक्टरांच्या घरचे असणार, ताईंनी ताडलं. कपाळही तसंच रुंद. भाऊच.

त्यांनी पहिली जागा लावली. डॉक्टर पाणी पीत होते. दुसरी लावली. डॉक्टर चष्मा पुसत होते. तिसऱ्या जागी खोकले, चौथ्या जागी नुसतेच छताकडे बघत बसले.

"काका, यात डॉक्टर एक शब्द बोलत नाहीत."

"नसू दे."

"जिथं जीव ओतून बोललेत तिथं तुमचा एकही आकडा नाही. लिहिताना चूक तर नाही ना झाली?"

"चूक कशी होईल? दवाखान्यात आलेली प्रत तीन वेळा लावली, तिन्ही वेळा लिहिलं."

ताईंचा आवाज मऊ झाला. बोलणं सगळ्या जगाला मिळालं, घरच्या माणसाला गप्प बसलेला माणूस हवाय. वीस वर्षांत अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. "देते, काका. चारही तुकडे देते."

"आणि ते आकडे काढा. चेहरा झाकतात."

हे मात्र ताईंना लागलं. "माझी पट्टी? अहो, आजवर तिनं कुणाचा चेहरा झाकलेला नाही. हे बघा. डॉक्टर इकडे डावीकडे, पट्टी तिकडे, वर उजव्या कोपऱ्यात. मोकळी जागा बघूनच ठेवते मी."

"मोकळी," म्हातारे म्हणाले. "तरी काढा."

ताईंनी कळ दाबली. आकडे गेले.

पट्टी होती तिथं, काचेपलीकडे, पोछ्याच्या लांब दांड्यावर रेलून एक बाई उभी होती. पदरानं कपाळ टिपलं, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं, चोरून हसली आणि वाकून पुढं गेली. सात सेकंद.

म्हातारे खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले.

"पट्टीखाली हात तेवढे दिसत होते," ते म्हणाले. "हातांवरून ओळखली. मरेपर्यंत कधी फोटो काढू दिला नाही हिनं, नुसती पळायची. आमची मंडळी, ताई. मी तिथं लिफ्ट चालवतो."

डॉक्टरांना आठवायला त्यांची फिल्म आहे. तुम्ही इथून उठाल, तेव्हा दांड्यावर रेलून हसलेल्या त्या माउलीला एकदा आठवा.