थबकलेला रेणू

"या वेळी नाव तुझं एकटीचं," सर म्हणाले. "माझं टाकूच नकोस. आभारात एक ओळ लिही, पुरे झालं."

तिचा कानांवर विश्वास बसेना. हेच का ते सर? पाच वर्षं ती त्या अंधाऱ्या लेसरच्या खोलीत राब राब राबली, आणि प्रत्येक शोधनिबंधावर यांचं नाव पहिलं, हिचं चौथं. एकदा तर चक्क गाळलं होतं. ती भांडली, रडली, सोडून जाते म्हणाली. तेव्हा महाराज ढिम्म हलले नव्हते!

पण या वेळचं कामच तसं होतं. लेसरच्या एका झोतानं रेणू फोडायचा, मागून येणाऱ्या दुसऱ्या झोतानं त्याचा फोटो काढायचा. मग एक आरसा केसभर मागे सरकवायचा, म्हणजे दुसरा झोत आणखी जरा उशिरा पोचतो. पुन्हा फोटो. असे हजारो फोटो जोडले की रेणू तुटतानाचा सिनेमा तयार. तिच्या सिनेमात रेणू तुटता तुटता मध्येच किंचित थबकत होता. असं थबकणं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. सरांनाही घाई होती. प्रकल्पाला मुदतवाढ हवी, तर निबंध याच महिन्यात जायला हवा होता.

निबंध गेला तशी तिनं घरी फोन केला. "एकटीचं?" वडिलांनी तीनदा विचारलं. आईनं आत्याला कळवलं, म्हणजे साऱ्या खानदानाला कळलं.

"आणि तू त्या बिचाऱ्या सरांना नावं ठेवायचीस," आई म्हणाली. लेकीलाही जरा ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधले मिस्त्रीकाका हत्यारांची पेटी घेऊन हजर.

"सरक गं पोरी, तुझा तो आरसा काढायचाय. खालचा स्क्रू पार झिजलाय. दर फेरीला एकाच जागी अडकतो मेला. जरा वेळ आरसा हलतच नाही, मग आपला आपण चालायला लागतो."

आरसा हलला नाही, तर फोटोही तोच तोच येणार! तिनं काकांचा हात धरला. "कधीपासून?"

"झाले की तीनेक महिने. सरांना मी तेव्हाच दाखवलं होतं. म्हणाले, तिचं काम मध्येच अडवू नका. निबंध जाऊ दे, मग बदला."

"निबंध कालच गेला, काका."

"हो ना," काका स्क्रू पिळत म्हणाले. "कालच त्यांचा फोन आला."